गावातले बरेच जण पोर्तुगीज पासपोर्ट काढून परदेशी चाललेत. मीही जावं का?

शेजारचे गेले, एवढ्यावर जाऊ नका. तिकडे नेमकं काय करायचंय, ते आधी ठरवा: वेल्डिंग, नर्सिंग, की मुलांचं शिक्षण? १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ही वाट आहे खरी, पण ते नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड हाती आलं तरी मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय २०२१पासून या पासपोर्टवर नव्याने इंग्लंडला नोकरीसाठी जायचं तर व्हिसा लागतो. म्हापशात बसून लंडनची स्वप्नं बघणाऱ्या मुलांना हे कुणी वेळेवर सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं. डिसेंबरात तिथे दुपारी चारला अंधारतं. तशा थंडीत गोदामातल्या पहाटेच्या शिफ्टला उठवेल असं स्वतःचं कारण असेल तर जरूर जा. आईवडिलांकडे कोण बघणार, ते मात्र भावंडांशी आधीच बोलून घ्या.