संत्र्याला खुर्चीत बसता येत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. पुण्याहून नागपूरच्या मनीषनगरात येऊन जेमतेम सहा महिने झाले, आणि सोसायटीने तान्ह्या पोळ्याला मुलांचा कार्यक्रम तुमच्या गळ्यात टाकला. ३ ते १२ वयाची चाळीसेक मुलं, सगळी वेशभूषेत, वर कुणीतरी 'कार्निवल थीम' चिकटवून दिलेली. आणि तुमची यादी: आधी फॅन्सी ड्रेस, मग संगीत खुर्ची, पोत्याची शर्यत, लिंबू-चमचा. ही यादी मला पाठ आहे. नऊ वर्षांपूर्वी अगदी हीच यादी मी माझ्या हाताने फळ्यावर लिहिली होती.

मोठ्यांचा पोळा अमावास्येला, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरतात आणि बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळवतात. यापुढचं, म्हणजे पूजा कशी, बोजारा किती, ते तुमच्या इमारतीतल्या आज्या न विचारताही सांगतील. मी फक्त खेळांबद्दल लिहिते. मी शिक्षिका वगैरे नाही, बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, तेव्हा पटेल तेवढंच घ्या.

आमच्याकडे ३८ मुलं होती. वेळ साडेचारची. परीक्षक म्हणून एक पाहुणे बोलावले होते, नाव-पद सांगत नाही, ते सहाला दहा कमी असताना उगवले. तोवर आया पोट्ट्यांना नटवून घेऊन बसल्या होत्या. पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, म्हणजे तो आपला भाद्रपदातला चिकट उकाडा. जिजाऊंचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं, दोन शिवाजी महाराजांच्या दाढ्या सुटून गळ्याशी लोंबत होत्या. आणि एक मुलगा संत्रं होऊन आला होता. नागपूर म्हटल्यावर दरवर्षी एखादं तरी संत्रं असतंच, पण हे खरंच सुरेख होतं. आईने तारेची दोन कडी करून त्यावर नारिंगी सॅटिन ताणून शिवलेलं, आत वर्तमानपत्राचे बोळे, डोक्यावर खऱ्या पानांची टोपी. फक्त त्याला बसता येत नव्हतं. आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पाहुणे आले, दीप लावला, चार शब्द बोलले (चार कुठले, वीस मिनिटं घेतली). मग एकेक मूल स्टेजवर. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी ३८ मुलांची ७६ मिनिटं होतात, हा हिशोब आयुष्यभर आकडे लिहिलेल्या बाईने आधी केला नव्हता. संगीत खुर्ची सुरू झाली तेव्हा साडेसात वाजत आले होते. म्हणजे ते संत्रं तीन तास उभं होतं.

पहिल्याच फेरीत गाणं थांबलं. संत्र्याच्या पुढ्यात खुर्ची होती, रिकामी, त्याच्या हक्काची. त्याने पाठ वळवून टेकायला पाहिलं, तर तारेचं कडं खुर्चीच्या हाताला अडकलं, खुर्ची मागे सरकली आणि शेजारच्या मावळ्याने ती पटकावली. मी माइकवरून काय म्हणावं? "संत्रं आऊट!" सगळे हसले. मलाही तेव्हा तो विनोदच वाटला. पोरगा रडला नाही, तेच जास्त लागलं. भिंतीपाशी जाऊन टोपीतली पानं एकेक करून तोडत उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याची आई नुसती आली. म्हणाली, "तो म्हणतो, मला काही बनायचंच नाही."

त्या रात्री मी खुर्चीचा हिशोब केला. ३८ मुलं, दर फेरीला एक बाद, म्हणजे ३७ फेऱ्या. गाणं, भांडण, खुर्ची काढणं धरून फेरीला सव्वा मिनिट लागतंच. पहिलं बाद झालेलं मूल पाऊण तास करणार काय? तर ते तलवार काढणार. आमच्याकडे त्या पाऊण तासात एक हनुमानाची शेपटी तुटली, आणि दोन डॉक्टरांनी मिळून एका शेतकऱ्याचं धोतर सोडलं. लोक म्हणाले, पोरं काहून ऐकत नाहीत? पोरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना बाद करून मोकाट सोडलं होतं कुणी, तर मी.

तेव्हापासून माझे दोन नियम, आणि यावर मी वाद घालत नाही. वेशभूषेतल्या मुलाला बाद करायचं नाही. आणि जो खेळ पळून, बसून किंवा वाकून खेळावा लागतो तो घ्यायचा नाही. म्हणजे तुमची यादी साफ झाली, मला माहीत आहे. पोत्यात नऊवारी? अहो, पडतात पोरं. लिंबू-चमचा त्यातल्या त्यात बरा, पण तोंडात चमचा धरला की मिशी जाते. आंधळी कोशिंबीरही नको, डोळ्याला रुमाल बांधला की आईने तासभर केलेला मेकअप पुसला जातो आणि ती आई तुमच्याशी महिनाभर बोलत नाही. 'मामाचं पत्र हरवलं' मला फार आवडतं, पण ते साध्या कपड्यांत, दुसऱ्या दिवशी.

मग घ्यायचं काय? मी दरवर्षी घेते ते सांगते.

सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे नंदीची हळू शर्यत. पोरांकडे चाकाचे नंदी असतातच. दोरी धरून ओढायचं, जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो जिंकला, पण थांबायचं नाही आणि नंदी पाडायचा नाही. मोठी पोरं सुरुवातीला हसतात, मग अशी गोगलगायीसारखी चालतात की बघत राहावं. संत्रंसुद्धा जिंकू शकतं यात. एक अडचण आहे: आवारात गट्टू, म्हणजे फरशीचे ठोकळे, बसवलेले असतील तर छोटी चाकं फटीत अडकतात. पार्किंगचा सिमेंटचा पट्टा बघून ठेवा, पाऊस आला तरी तोच कामी येतो.

दुसरा, बैलाला शेपूट लावा. मोठ्या कागदावर बिनशेपटीचा बैल, शेपटी लोकरीची, तिला मागून दोन्हीकडून चिकटणारी पट्टी. पिन अजिबात नको. डोळे बांधायचे नाहीत, नुसते मिटायला सांगायचे आणि मागून एक मोठं माणूस हात धरून उभं. जिथे लागली तिथे मुलाचं नाव लिहायचं. शेवटी बैलाला चाळीस शेपट्या, कानाला, नाकाला, पोटाला, आणि मुलं तो कागद बघायला परत परत येतात. दोन बैल काढा म्हणजे रांग अर्धी होईल.

'शिवाजी म्हणतो' उभ्या-उभ्या होतो, पण चुकलेल्याला बाहेर काढू नका. एक पाऊल पुढे यायला सांगा, खेळत राहू दे. पुढे आलेलीच जास्त मजा करतात. तळ्यात-मळ्यात चार-पाच वर्षांच्यांना पुरतं. स्टॅच्यूमध्ये मी एक बदल केलाय: गाणं थांबलं की आपल्या वेशाप्रमाणे थिजायचं. भाजीवाली भाजी तोलता तोलता, वाघ झडप घालता घालता. खरं सांगू का, स्टेजवरच्या त्या रडक्या दोन मिनिटांपेक्षा यात वेशभूषा चांगली दिसते. म्हणून आता मी स्टेजवरची रांग बंदच केलीय. परीक्षक मुलांमध्ये फिरतात, खेळताना बघतात, गुण टिपतात. पाहुणे उशिरा आले तरी कुणाचं काही अडत नाही.

आता तुमचं कार्निवल. ज्यांनी सुचवलं त्यांना सांगा, त्याच दिवशी सकाळी महाल-इतवारीत जाऊन मारबत (वाईटाला घालवायला मिरवत नेऊन शेवटी जाळतात तो मोठा पुतळा) बघून या, तेच आपलं कार्निवल आहे. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते, आणि सोबतचे बडगे, म्हणजे इतर पुतळे, त्या-त्या वर्षी जे लोकांच्या डोक्यात बसलं असेल त्याचे, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. यावरून आम्ही एक खेळ काढला. जुना शर्ट-पॅन्ट शिवून पोकळ बडग्या करायचा. मुलांना चिठ्ठ्या द्यायच्या, प्रत्येकाने आपल्याला नको असलेली गोष्ट लिहायची, लहानांनी चित्र काढायचं, आणि कागदाचा बोळा करून बडग्यात कोंबायचा. दोन गट, दोन बडगे, कुणाचा आधी उभा राहील इतका फुगतो ते बघायचं. मग सगळ्यांनी "घेऊन जा गे मारबत" म्हणून आवारातून मिरवायचं. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्यांत भाषेच्या शिकवणीपेक्षा दुधीभोपळा जास्त होता. जाळायचा मात्र नाही. भाड्याचे ते पोशाख बहुतेक पॉलिस्टरचे, एका ठिणगीने पेटून अंगाला चिकटतात. पूजेची निरांजनंसुद्धा मुलांच्या हाताबाहेर उंचावर ठेवा.

फुगे फोडायचा खेळ कुणीतरी सुचवेलच. तीन-चार वर्षांची मुलं असताना मी घेत नाही. फुटलेला रबराचा तुकडा तोंडात जातो, घशात बसला तर निघत नाही. यावरून माझी आमच्या सेक्रेटरींशी दरवर्षी वाजते.

मैदानाचं तुम्ही विचारलंय. शेजारचं मैदान घेणार असाल तर आत्ताच अर्ज टाका. मी एका कार्यालयात चार चकरा मारल्या. पहिल्यांदा म्हणाले अर्ज साध्या कागदावर चालेल, दुसऱ्यांदा म्हणाले त्यांच्याच नमुन्यात हवा, तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते. पावणेबाराला. चौथ्यांदा कळलं की ते मैदान त्यांच्या ताब्यातच नाही, दुसऱ्या कार्यालयाचं आहे. हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? असो. तुमच्याकडे कदाचित नीट होईल, सगळीकडे सारखंच असतं असं मी म्हणत नाही. पण मी आता आवारातच करते आणि पोरं त्यामुळे काही उपाशी राहत नाहीत.

वेळेचं सांगायचं तर पाचला सुरू, साडेसहाला खाऊ, सातला घरी. खेळ आधी लहानांचे, कारण आधी तेच कंटाळतात. खाऊ कोरडा, चिवडा-करंजी असा. रंगीत सरबत भाड्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर सांडलं की अनामत रक्कम गेली समजा. पाणी दर वीस मिनिटांनी, आणि ते पाजायला एक मोठं माणूस वेगळं नेमा. पाणी पाजलं की पुढचं आलंच: एका झाशीच्या राणीचं लुगडं अकरा पिनांनी लावलेलं होतं, आणि तिला जायचं होतं आत्ता. आई खाली गाडी लावायला गेलेली. मी आठ पिना काढेपर्यंत व्हायचं ते झालं. म्हणून आयांच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच टाका की पोशाख एका मिनिटात सुटला पाहिजे, आणि आत घरचे साधे कपडे हवेत.

बोजारा प्रत्येकाला सारखा. वेशभूषेचे नंबर काढायचेच असतील तर काढा, सोसायटीत काही बाप नंबराशिवाय ऐकत नाहीत, पण ते खाऊच्या आधी जाहीर करू नका.

बिनशेपटीचा बैल हवा असेल तर सांगा. जुन्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूला काढलेला पडलाय माझ्याकडे, चांगला सहा फुटी आहे, स्कूटरवर गुंडाळून नेता येतो. शेपट्या तेवढ्या नव्या कराव्या लागतील, गेल्या वर्षीच्या उंदरांनी खाल्ल्या.