युरोपचे प्रवेश-नियम आणि फी सतत बदलत असताना आई-वडिलांना घेऊन जाण्याची तयारी कशी करावी?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण तिच्यापायी आमच्या घरात बरंच महाभारत झालेलं आहे. ऑक्टोबरात आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदाच युरोपला जायचंय, फी आणि नियम सतत बदलताहेत, तर आता व्हिसा काढायचा की ते नवीन ऑनलाइन परमिट घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसाच, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. ते परमिट, म्हणजे एटिआस, हे ज्यांना मुळात व्हिसा लागतच नाही अशा अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्यांसाठी आहे. त्याचा कायदा २०१८ सालचा, तेव्हापासून नुसता पुढे ढकलला गेला, आणि सध्या जाहीर असलेला मुहूर्त २०२६ च्या शेवटच्या तिमाहीचा आहे. फी आधी ७ युरो ठरली होती, ती आता २० केली आहे. आपल्या आई-वडिलांशी यातल्या कशाचाही काडीचा संबंध नाही.

आता हे मी इतक्या तिडकीने का सांगतेय ते ऐका.

माझी नणंद जर्मनीत असते. २०२४ च्या मे महिन्यात तिचं बाळंतपण होतं आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बारशाला तिथे असायचं हे केव्हाच ठरवून टाकलं होतं. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, पण हौस दांडगी. फाइल मी केली. मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते, दुसऱ्यांचे कागद तपासणं हीच माझी रोजीरोटी आहे. पेन्शनच्या नोंदी, बँकेचा शिक्का मारलेली स्टेटमेंट, विमा, नणंदेने तिथल्या कार्यालयात २९ युरो भरून मिळवलेलं हमीपत्र, सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रातली एप्रिलची अपॉइंटमेंट हातात होती.

गुढीपाडव्याला सगळे जेवायला जमलो आणि माझ्या थोरल्या दिरांनी मोबाइल पुढे केला. "युरोपचा व्हिसा रद्द, आता फक्त सात युरोत घरबसल्या परवानगी" असा मेसेज. वर युरोपियन युनियनचा झेंडा, खाली "जास्तीत जास्त लोकांना पाठवा". मी म्हटलं, भाऊजी, हे आपल्या पासपोर्टला लागू नाही आणि अजून सुरूही झालेलं नाही. तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तू व्याज मोज गं, हे जगाचं मला कळतं. आईला कशाला त्या रांगेत उभी करतेस, बोटांचे ठसे काय, फोटो काय." माझा नवरा भावापुढे बोलत नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी अपॉइंटमेंट रद्द केली.

त्याच महिन्यात, १८ एप्रिलला, युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी खरोखरच एक नियम बदलला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. चांगला नियम आहे, मनापासून स्वागत. पण व्हॉट्सॲपवर येईपर्यंत त्याचं "भारतीयांना व्हिसा सोपा" झालं, आणि भाऊजींनी तोही मेसेज मला पाठवला, खाली "बघ" एवढंच लिहून. आईंनी तोवर शेंगेनचा एकही व्हिसा वापरलेला नव्हता. त्यांच्यासाठी त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं.

शेवटी पुन्हा अपॉइंटमेंट घ्यायला बसले तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी होती. जी तारीख मिळाली ती ११ जूननंतरची, आणि ११ जून २०२४ पासून फी ८० युरोवरून ९० झाली. दहा युरोंचं मला काही वाटत नाही. तिकिटाच्या तारखा बदलायला गेलेले पैसेही सोडून देते. पण बारसं मोबाइलवर बघावं लागलं. आईंनी पैठणी नेसून, पुण्यातल्या हॉलमध्ये बसून, स्क्रीनवर पाळणा म्हटला. त्याबद्दल भाऊजी आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

त्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट अशी, की तो सात युरोचा मेसेज त्यांच्या स्वतःच्या मुलासाठी अर्धा खरा होता. तो न्यू जर्सीला, अमेरिकन नागरिक. एटिआस सुरू होईल तेव्हा त्याला ते काढावं लागेल. त्याची बायको ग्रीन कार्डवर, पासपोर्ट भारतीय, म्हणजे तिला शेंगेन व्हिसा लागतो आणि तो तिने अमेरिकेतूनच काढायचा. एकाच घरातले, एकाच विमानाने जाणारे दोघे, आणि दोघांना नियम निराळे. म्हणून कुठलाही बदल वाचलात की आधी दोनच गोष्टी पाहा: तो कोणत्या पासपोर्टसाठी आहे, आणि कोणत्या तारखेपासून लागू आहे. जाहीर झाल्याची तारीख नव्हे, लागू होण्याची. फी तुम्ही अर्ज दाखल करता त्या दिवशीची लागते, प्रवासाच्या दिवशीची नाही. तिचा आढावा दर तीन वर्षांनी घ्यायचा हे त्यांच्या नियमातच आहे, तेव्हा वाढ म्हणजे आकाशातून पडलेलं संकट नाही.

आता तुमचं ऑक्टोबर. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मर्यादा १५ दिवसांची आहे. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. मी असते तर जूनच्या आसपास फाइल दिली असती. माणशी ९० युरो, एक फेरीचा असो वा अनेक फेऱ्यांचा, फी तीच. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तिथे एसएमएस, लाउंज, फोटोकॉपी असं जे पुढे करतात ते ऐच्छिक असतं, ठाम नाही म्हणा. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आई-वडिलांना बीपी किंवा साखर असेल तर आधीपासूनचे आजार त्या पॉलिसीत धरलेत का हे स्वतः वाचा, एजंट "सगळं कव्हर आहे" म्हणतो त्यावर जाऊ नका. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे, दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. "अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो" म्हणून तिथली खोटी हॉटेलं दाखवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. त्यांच्यापायी खरे कागद देणाऱ्यांकडे संशयाने बघितलं जातं. आणि लंडन जोडणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा पूर्णपणे वेगळा, शेंगेनवर तिथे जाता येत नाही.

सीमेवरचा बदल मात्र तुम्हाला लागू आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ईईएस नावाची नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १० एप्रिल २०२६ ही ती सगळीकडे पूर्ण लागू होण्याची ठरलेली तारीख. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरमध्ये नोंद. आपण व्हिसावाले, आपले ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे सीमेवर मुख्यतः चेहऱ्याचा फोटो. याला फी नाही, आधी कुठे फॉर्म भरायचा नाही. कुठलीही वेबसाइट ईईएसचे पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं, हा हिशेब आता यंत्र करतं, एक दिवसही इकडेतिकडे नको. आणि हे सगळं पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं. मुंबई-फ्रँकफर्ट-रोम असं तिकीट असेल तर रांग फ्रँकफर्टलाच. म्हाताऱ्या माणसांना घेऊन दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास तरी ठेवा, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा.

प्रेक्षणीय स्थळांचे दर निदान कुणाच्या मर्जीवर नसतात, म्हणून त्यावर मी फार वेळ घालवत नाही. पॅरिसचं लूव्र संग्रहालय १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो, पूर्वी सगळ्यांना २२ होतं. व्हेनिसमध्ये फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना २०२४ पासून ५ युरो, २०२५ मध्ये उशिरा नोंदवलं तर १०, पण ते आजवर वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशीच होतं.

ज्यांना खरंच वेळ नाही, किंवा ज्यांचे आई-वडील गावी एकटे आहेत, त्यांनी एजंट जरूर धरावा. सगळे वाईट नसतात. आणि मी सांगितलं तशी फाइल केली म्हणजे व्हिसा मिळेलच असंही नाही, निर्णय दूतावासाचा. पण फाइल तुमच्या हातची असेल तर नकाराच्या पत्रातलं कारण वाचून अपील करायचं की नव्याने अर्ज द्यायचा, हे तुम्हाला कळतं. आईंनी त्यानंतर दोन्ही वेळा मी केलेल्या फाइलवर जाऊन नात खेळवली आहे. त्यामुळे पुढचा व्हिसा त्यांना नियमाप्रमाणे दोन वर्षांचा मिळायला हवा, आणि तो अर्ज मी लवकरच भरणार आहे. मध्यंतरी भाऊजींनी जाऊबाईंकरवी विचारलं, की आमच्या दोघांच्या व्हिसाचं बघशील का. बघेन म्हटलं, पण अपॉइंटमेंट माझ्या लॉगिनवर राहील आणि ती रद्द करायची असेल तर आधी मला विचारायचं. अजून उत्तर आलेलं नाही.