बेअरिंग आणण्याआधी चुरा शोध

बाईकच्या इंजिनची केस, म्हणजे ॲल्युमिनियमचं कवच, उघडलीस, बेअरिंग हाताने फिरवलंस, खरखर लागली. इथवर अगदी बरोबर. आता लगेच दुकानात पळू नकोस, बहुतेक नवशिके इथेच चुकतात. झिजलेलं पोलाद कुठेतरी गेलंय: ऑइलच्या जाळीत, पंपात, ऑइलच्या बारीक वाटांत. ते राहिलं तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाणार. डिझेलने धू, वाटांत हवा मार, पांढऱ्या फडक्यावर चमक दिसेनाशी होईपर्यंत. याला अख्खी दुपार गेली तरी चालेल.

मग जुन्याच्या कडेवरचा नंबर वाच. ६३०४ म्हणजे आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ५२. पुढे सी३ असेल तर सी३च माग, त्यात आतली फट जास्त असते.

बसवताना हातोडा नको. रबरी ऑइल सील काढून, डिझेल-पेट्रोलचा मागमूस नसलेली केस ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत तापव. बेअरिंग पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून बेअरिंग अलगद उतरतं आणि तळाला 'टक्' वाजतं. दाबावंच लागलं तर केसमध्ये बसवताना बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर दाब, शाफ्टवर बसवताना आतल्या. आपल्या ठाण्याच्या पावसाळी हवेत गार लोखंडावर लगेच दव धरतं, तेव्हा बेअरिंग बसताच त्यावर ऑइल सोड.

बेअरिंगच्या घरात, म्हणजे केसमध्ये ते बसतं त्या खोबणीत, गोल चमकदार रेघा दिसल्या तर मात्र थांब, बेअरिंग तिथे सैल होऊन फिरलंय. पंच मारून घट्ट करू नकोस, वागळे इस्टेटमध्ये चांगल्या लेथवाल्याला दाखव. कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलं असेल तर तेही हायड्रॉलिक प्रेसवाल्याचंच काम. बाकी तुला जमेल.