कासवाची अंडी हॅचरीत हलवावीत की जागेवरच ठेवावीत?

तुमचा प्रश्न असा: गावच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची घरटी सापडताहेत, तर इन-सिटू (अंडी जागेवरच राखणं) बरं की एक्स-सिटू (ती काढून हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या राखणीच्या जागेत पुरणं)?

धोका कशाचा, ते आधी बघा. घरटं उधाणाच्या रेषेच्या वर असेल आणि रात्री राखणीला माणूस मिळत असेल, तर अंड्यांना हात लावू नका. भोवती बांबू आणि जाळीचं कुंपण घाला, तारखेची पाटी लावा, झालं. उधाणाचं पाणी पोचत असेल किंवा अंडी चोरीला जात असतील तरच हलवा. 'वेळासला हॅचरी आहे, मग आपल्याकडे का नको' हा वाद दर हंगामात कोणी ना कोणी घालतोच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं तेव्हा माणसंच अंडी काढून नेत होती, म्हणून तिथे ते बरोबर होतं. तुमच्याकडे फक्त कुत्री असतील तर कुत्र्यांचा बंदोबस्त करा. त्यासाठी घरटी उचलणं हा निव्वळ आळस.

हलवायचंच असेल तर वेळ पाळा. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मेला. म्हणून गस्त पहाटेच्या आधी, आणि हलवाहलव पाच-सहा तासांच्या आत. उन्हं वर आल्यावर सापडलेलं, कधीचं ते माहीत नसलेलं घरटं तिथेच राहू द्या. अंडी शोधताना काठी जोरात खुपसली तर वरची चार-पाच फुटतात आणि उरलेल्यांना बुरशी धरते. हातानेच उकरा. फावडं नको. मूळ खड्डा किती खोल होता ते काठीने मोजा (साधारण दीड फूट) आणि हॅचरीत तेवढाच करा, सुरईसारखा, तोंड अरुंद आणि पोट रुंद. अंडी ठेवल्यावर आधी ओली वाळू, कोरडी सगळ्यात शेवटी. दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर सोडा. खेकडे खालून शिरतात, म्हणून जाळी फूटभर पुरा. हॅचरीची जागा दर हंगामात बदला, कारण जुन्या वाळूत कुजक्या अंड्यांचे जंतू राहतात.

सुरूच्या झाडांच्या सावलीत हॅचरी कधीच नको. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे, त्याखाली नर वाढतात, त्यावर माद्या. बराच काळ ३५ च्या वर गेलं तर अंडी मरतात, म्हणून मार्चच्या कडक उन्हात थर्मामीटर लावून, लागेल तेवढीच सावली करायची. पण किनाऱ्यावर ओळीने सुरूची झाडं लावून त्याला 'संवर्धन' म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. मोकळी पुळण हाच कासवाचा अधिवास, तिथे झाड लावणं म्हणजे तो मोडणं.

पंचेचाळीस दिवस झाले की घरट्यावर टोपली ठेवा आणि रात्रीत दर तासाला बघा. पिल्लं बहुधा वाळू थंडावल्यावर, रात्रीच वर येतात. ती लगेच सोडायची. पाहुण्यांना फोटो मिळावेत म्हणून सकाळपर्यंत टोपलीत ठेवली, की खोल पाण्यापर्यंत पोहायला पोटातल्या बलकातून मिळालेली ताकद तिथेच धडपडण्यात संपते. पाण्याच्या बादलीत ठेवणं त्याहून वाईट. पर्यटनाला माझा विरोध नाही, पण वेळ पिल्लांची, पाहुण्यांची नव्हे. कोरड्या वाळूवर सोडा, चालत जाऊ द्या, आणि रोज त्याच जागी सोडू नका, मासे टपून बसतात.

एक राहिलंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे कासव अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, तेव्हा घरट्याला हात लावण्याआधी वनविभागाला कळवा आणि त्यांच्याच माणसाबरोबर काम करा. पिल्लं बाहेर पडून दोन-तीन दिवस झाले की घरटं उकरून टरफलं मोजा. न उबलेली अंडी फोडून बघा. गर्भ अगदी सुरुवातीलाच मेलेले असतील तर आधी हलवताना चूक झाली का ते तपासा. पूर्ण वाढून मेलेले असतील तर उष्णता किंवा पाणी.