पाळकसाहेब, आधी त्या घरी जाऊन या

पत्र :

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चर्चचा पाळक (पास्टर) आहे. वय ४७. जवळच्या तीन खेड्यांतल्या चर्चच्या लहान मंडळ्याही माझ्याकडेच आहेत. तीन वर्षांपूर्वी एका सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत, डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री (डी.मिन.) या पदवीसाठी नाव घातलं. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस जावं लागायचं. वर्ग संपले, प्रबंध अडला आहे. विषय ‘मंडळीची वाढ’. दोन प्रकरणं गाईडनी लाल करून परत पाठवली. इंग्रजीत लिहायला बसलो की काही सुचत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी वर्गाला गेलेलो असताना आमच्या मंडळीतल्या एका कास्तकारानं आत्महत्या केली. मातीला मी पोचलो नाही, दुसऱ्या पाळकांनी विधी केला. त्यांची बायको अजून उपासनेला येते, पण माझ्याशी बोलत नाही. लोक म्हणतात, “पास्टर आता डॉक्टर होऊन रायले, आपल्या घरी कायले येतीन?” फीसाठी पत्नीनं पतसंस्थेचं कर्ज काढलं आहे. ती काही म्हणत नाही, तेच जास्त लागतं. त्यात एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, एवढी मरमर कशाला, थोडे पैसे भरा, नागपुरात कार्यक्रम आहे, मानद डॉक्टरेट मिळून जाईल. मी हे शिक्षण सोडून द्यावं का?

— एक पाळक

उत्तर :

भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ त्या बाईंची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

याच आठवड्यात त्यांच्या घरी जा. पत्नीला सोबत न्या. वर्गाच्या तारखा, गाडीचं रिझर्वेशन, हजेरीचे नियम यातलं काहीही सांगू नका. “मी यायला हवं होतं, आलो नाही,” एवढं म्हणा आणि बसा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्दही बोललं नाही. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. बाई रागावल्या तर रागावू द्या. गप्प राहिल्या तर चहा न मिळताच उठा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. घरात कागदपत्रं कुठं अडली आहेत तेही विचारा. सरकारची १ लाखाची मदत जिल्हा समितीनं प्रकरण पात्र ठरवलं तरच मिळते. अपात्रचा शिक्का बसला की त्या घराकडे कुणी फिरकत नाही. तहसीलला त्यांच्यासोबत जाणं हीसुद्धा पाळकाचीच सेवा आहे. आणि तुमच्या प्रबंधाचा उल्लेख त्या घरात कधीच करायचा नाही. का, ते पुढे सांगते.

मानद पदवीचं आधी संपवून टाकू. खरी मानद पदवी विद्यापीठ आपणहून देतं, त्यासाठी पैसे मागत नाही. पैसे भरून नावापुढे डॉक्टर लावायचं आणि रविवारी पुलपिटवरून दहा आज्ञा वाचायच्या, हे तुम्हाला झेपणार नाही, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. सरळ नाही म्हणा. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्याही कानावर घाला.

आता तुमचा प्रश्न. शिक्षण सोडू नका, विषय सोडा.

मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा अडलेले प्रबंध बरेच पाहिले. इंग्रजीमुळे अडलो असं जो तो सांगायचा. नीट चौकशी केली की बहुतेक वेळा निघायचं ते असं की विषयच उसना होता, कुणीतरी सुचवलेला. तुमचं तेच झालं असावं असं मला वाटतं. तीन खेड्यांतली तरणी पोरं कामासाठी पुण्याला-नागपूरला गेलेली, उपासनेला येतात ती म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली लेकरं. तिथं ‘मंडळीची वाढ’ हा प्रश्न तुम्हाला रात्री जागवत नाही. जागवणारा प्रश्न तुम्ही पत्रात स्वतःच लिहिला आहे : ज्या घरातल्या कास्तकारानं जीव दिला, त्या घराशी मंडळीनं काय बोलावं, काय करावं?

पीएच.डी. आणि डी.मिन. यांतला फरक तुम्हाला वर्गात सांगितला असेलच, पण इतर वाचकांसाठी लिहिते. पीएच.डी. एखाद्या विषयात नवी भर मागते. डी.मिन. ही १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सेमिनरींमधून पसरलेली पदवी, सेवेत मुरलेल्या माणसासाठी. बी.डी. किंवा एम.डिव्ह. ही धर्मशिक्षणाची पदवी झालेली असावी, पुढं काही वर्षं मंडळी सांभाळलेली असावी, ही तिची सर्वसाधारण अट. ती विचारते की तुमच्या सेवेत गाठ कुठं बसली आहे, ती समजून घेण्यासाठी तुम्ही काय वाचलंत, ती सोडवायला काय करून पाहिलंत आणि त्यातून खरोखर काय झालं. म्हणून तर तुम्हाला मंडळी सोडून तिथं राहायला न सांगता पंधरा-पंधरा दिवस बोलावतात. तुमची मंडळी हीच तुमची प्रयोगशाळा आहे, आणि तुम्ही मात्र तिच्याकडे पाठ करून लिहायला बसला आहात.

यवतमाळातल्या शेतकरी आत्महत्यांवर समित्यांचे अहवाल निघाले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. पण अशा मातीच्या वेळी पाळकानं कुठला उतारा वाचला, शेजारी काय कुजबुजले, महिन्याभरानं सगळ्यांचं येणं थांबल्यावर त्या उंबऱ्यावर कोण गेलं, हे तिथं उभ्या असणाऱ्यानंच लिहायला हवं. आत्महत्या केलेल्याबद्दल मंडळीत अजूनही खालच्या आवाजात बोललं जातं. तुम्ही बायबलमधला १ राजे, अध्याय १९ पुन्हा वाचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला पाप केलंस असं म्हणत नाही. दूत येतो, भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. यावर एक प्रकरण तुम्ही लिहू शकता, आणि त्यासाठी मॅनेजमेंटची पुस्तकं चाळावी लागणार नाहीत.

विषय बदलायला गाईडची आणि समितीची परवानगी लागेल. पानभराचं टिपण करून पाठवा. वर्गांत शिकलेलं वाया जात नाही.

एक गोष्ट मात्र जपा, आणि इथं मी कडक बोलणार आहे. तुम्ही त्यांचे पाळक आहात, म्हणून लोक तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. मुलाखत द्याल का, असं तुम्ही विचारलंत तर विधवा बाई मन नसतानाही हो म्हणेल. म्हणून विचारायला महिला मंडळातली जाणती बाई पाठवा, आणि नकार आला तर तो तुमच्यापर्यंत नावानिशी येऊ देऊ नका. प्रार्थनेत किंवा एकांतात तुमच्याजवळ जे बोललं गेलं ते प्रबंधात येणार नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. आपल्या गावांत नाव बदलून काही लपत नाही. किती एकर, कुठलं वावर, एवढ्यावरून माणूस ओळखतात. आणि ज्या बाई आज तुमच्याशी बोलत नाहीत, त्यांचं घर यातून पूर्ण वगळा. तुम्ही प्रबंधासाठी आलात असं त्यांना एकदा जरी वाटलं तरी तुमचं जाणं फुकट गेलं. बोलता बोलता कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली, तर वही मिटा, माणूस एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्या.

इंग्रजीचं म्हणाल, तर टिपणं वऱ्हाडीतच ठेवा, जशी माणसं बोलली तशी. पहिला खर्डा मराठीत हातानं लिहा. मग इंग्रजी करा, आणि भाषा तपासायला एखाद्या शिक्षकाची मदत घेतली तर ऋणनिर्देशात तसं लिहा. नारायण वामन टिळकांनी देवाविषयीचा आपला विचार अभंगांत आणि भजनांत मांडला, आणि तुमची मंडळी तो आजही पेटीवर गाते. मराठीत विचार केला म्हणून तो हलका होत नाही.

“कायले येतीन” म्हणणाऱ्यांना शिक्षणाचं वावडं आहे असं समजू नका. यवतमाळात १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. ते दिवस आठवणारी जुनी माणसं तुमच्या भागात असतील, त्यांना बोलतं करा. लोकांना भीती आहे ती तुम्ही हातचे जाल याची, आणि मागच्या पावसाळ्यात ती खरी ठरली. एखाद्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर सांगा की काय शिकतो आहे, कशासाठी, आणि माझ्या गैरहजेरीत फोन कुणाला करायचा. ते नाव दारावर लावा. पेरणीच्या दिवसांत, सोयाबीनच्या सोंगणीत गाव सोडणार नाही असं ठरवा. लेखनाचे दिवस कमिटीकडून मागून घ्या, चोरून घेऊ नका.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंत. पतसंस्थेचं पासबुक दोघांनी समोर घेऊन बसा. किती फेडलं, किती राहिलं, अजून किती फी आहे, हे कागदावर मांडा. मग त्यांना विचारा, पुढं जायचं की वर्षभर थांबायचं. मुदत वाढवून मिळते का, ते सेमिनरीत आधीच विचारून ठेवा. त्यांचं उत्तर ‘आता थांबा’ असं आलं, तर थांबायची तयारी ठेवूनच विचारा.