‘शिथिलक’ म्हणावं का?

अंबाजोगाईच्या एका प्राध्यापक ताईंनी विचारलंय : ‘रिलॅक्सर फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिक’ला ‘शिथिलक लोहविद्युत मृत्तिका’ म्हटलं तर चालेल का?

ताई, मला ते पटत नाही. फेरोइलेक्ट्रिक म्हणजे ज्याच्या आतले धन-ऋण भार आपोआप किंचित सरकून एका दिशेला कललेले, म्हणजे ध्रुवीय, राहतात आणि बाहेरच्या विद्युतक्षेत्राने तो कल उलटवता येतो, असा पदार्थ. रिलॅक्सर हा त्यातलाच एक प्रकार. यात माती नसते. ऑक्साइडांच्या भुकटीची वडी भट्टीत भाजलेली असते. लोखंडाचीही गरज नाही, फेरोमॅग्नेटिकच्या धर्तीवर नाव पडलं इतकंच.

खरा घोळ ‘शिथिलक’चा आहे. पाचक पचवतं, शामक शमवतं, तसं शिथिलक दुसऱ्याला सैल करणार. स्नायूंच्या औषधाला ते शोभेल. इथे मात्र पदार्थ कुणाला सैल करत नाही.

लेड मॅग्नेशियम निओबेट घ्या. १९५० च्या दशकात सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ स्मोलेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या रिलॅक्सरांचा अभ्यास केला, त्यांतला हा. त्याच्या स्फटिकात एकाच प्रकारच्या जागांवर एका मॅग्नेशियममागे दोन निओबियम बसतात. एकाचा भार +२, दुसऱ्याचा +५. त्या जागेला लागणारी +४ ची सरासरी बरोबर जुळते, पण काही नॅनोमीटरच्या टापूत डोकावलं तर कुठे हा जास्त, कुठे तो.

आपल्याकडे एकाच वावरात काळी, मुरमाड आणि चिबड जमीन असली की काय होतं? पाऊस उघडल्यावर मुरमाडाला आधी वापसा येतो, काळीला मागून, चिबडाला सगळ्यात शेवटी. अख्ख्या वावराचा वापसा एका दिवसाचा राहतच नाही. स्मोलेन्स्कींचा विचार नेमका हाच होता : प्रत्येक टापूचं ध्रुवीय व्हायचं तापमान वेगळं. बेरियम टायटॅनेट हे साधं फेरोइलेक्ट्रिक सुमारे १२० अंश सेल्सियसला एकदम पालटतं. इथे तो पालट लांबवर पसरतो. म्हणून ‘डिफ्यूज ट्रान्झिशन’ला मी ‘पसरट संक्रमण’ म्हणेन. टापूंमधल्या फरकाला इंग्रजीत ‘फ्लक्चुएशन’ म्हणतात, त्याला ‘चढउतार’ मात्र नको. चढउतार काळाचे, बाजारभावासारखे. हा फरक भाजतानाच जागोजाग गोठलेला असतो.

वापशाची उपमा इथवरच पुरते. भारांच्या या अव्यवस्थेमुळे आसपास वेडंवाकडं विद्युतक्षेत्रही तयार होतं, आणि ध्रुवीय चट्टे एकमेकांशी जुळून मोठे होऊ शकत नाहीत. बाहेरचं क्षेत्र झपाट्याने बदललं की ते वळायला मागे पडतात. वारंवारता वाढवली की विद्युत-पारकतेचं (बाहेरच्या क्षेत्राला पदार्थ किती साद देतो, त्या मापाचं) शिखर वरच्या तापमानाकडे सरकतं, ते यामुळेच. हे मागे पडणं म्हणजे ‘रिलॅक्सेशन’. त्याला ‘शिथिलन’ म्हणा, हरकत नाही. पदार्थाला मात्र ‘रिलॅक्सर’च राहू द्या.