दोन निसर्गचित्रांचं डबल एक्स्पोजर करताना फोटो राखाडी का पडतो?

डोंगर आणि भातखाचरांचे दोन फोटो एकावर एक ठेवून वरच्याची ओपॅसिटी (तो किती दाट दिसतो ते प्रमाण) ५० टक्के केली, तर सगळंच धुरकट झालं, असं तुम्ही लिहिलंय. ते होणारच. ओपॅसिटी कमी केली की दोन्ही फोटोंची सरासरी निघते. उजळपणा ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा मोजतात. डोंगर पूर्ण काळा, म्हणजे ०, आणि त्याच जागी खाचरातलं पाणी २०० इतकं उजळ असेल, तर हाती येतात १००. डोंगराचा काळेपणा जातो आणि पाण्याची चमकही.

फिल्मवर एकाच फ्रेमवर दोनदा उजेड पडायचा आणि त्याची बेरीज व्हायची. पहिल्या वेळी जो भाग काळोखात राहिला, तिथे दुसरं चित्र स्वच्छ उमटायचं. एडिटिंगमध्ये याच्या जवळ जातो तो ‘स्क्रीन’ हा ब्लेंड मोड, म्हणजे दोन लेयर एकमेकांत मिसळायची पद्धत. त्यात ० आणि २०० मिळून २००च राहतात आणि पांढऱ्यावर काहीही ठेवलं तरी ते पांढरंच राहतं. म्हणून फोटो निवडताना मी आधी काळोख कुठे आहे ते बघते.

रायगडावरून सूर्योदयाला दिसणारा लिंगाणा घ्या. सूर्य मागे असल्यामुळे सुळका काळाभोर आणि आकाश उजळ. जिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) हा फोटो उघडून लेव्हल्समध्ये, म्हणजे काळं-पांढरं ठरवायच्या पट्टीवर, सुळका पूर्ण काळा होईपर्यंत आणि आकाश जवळजवळ पांढरं होईपर्यंत ओढा. मग पाण्याने भरलेल्या खाचरांचा फोटो वरच्या लेयरवर आणा, मोड स्क्रीन करा आणि बांधांच्या वळणदार रेषा सुळक्याच्या उतारावर येईपर्यंत सरकवा. यात घाई करू नका, चित्र इथेच जमतं किंवा फसतं. आकाशात खाचरांची छटा डोकावली, तर लेयर मास्क (लेयरचा हवा तो भाग झाकणारा पडदा) लावून त्यावर मऊ काळ्या ब्रशने तेवढीच पुसा. सुळक्याची कड मात्र ठाम ठेवा.

स्क्रीनमध्ये मधले टोन भराभर उजळतात: १२८ वर १२८ ठेवले की १९२ होतात. फिल्मवाले दोन एक्स्पोजरसाठी प्रत्येक वेळी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड द्यायचे, तसं वरच्या लेयरचा कर्व्ह (उजळपणा ठरवणारी रेषा) थोडा खाली ओढा. रंग भांडत असतील तर वरच्या लेयरचं सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) उतरवा.

एका फोटोत ठळक आकार आणि दुसऱ्यात नुसता पोत असावा, असं माझं ठाम मत आहे. दोन्हीकडे किल्ला असला की नजर कुठेच ठरत नाही. अमेरिकन छायाचित्रकार जेरी यूल्समन फोटोशॉपच्या कितीतरी आधी, डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उमटवणारी यंत्रं) वापरून निसर्गचित्रं जोडायचे. त्यांचे प्रिंट जरूर बघा.

पावसाळ्यातला फोटो धुक्याने पांढरा झालेला असेल तर उलटं करा. तिथे मोड ‘मल्टिप्लाय’ ठेवा, म्हणजे दुसरं चित्र धुक्यात भरेल आणि झाडं काळीच राहतील. फक्त मोबाइल असेल तर स्नॅपसीड ॲपमधल्या डबल एक्स्पोजरमध्ये ‘लाइटन’ (दोन्हींतला उजळ भाग ठेवणारा मोड) निवडा. काळ्या सुळक्यावर तोही चांगला चालतो.